अर्धा पत्ता आणि दोन बाइटांची फ्रेम: पायथनमधून सी लायब्ररी वापरतानाचे एक प्रकरण

कंपने मोजणारे एक उपकरण आहे. त्याच्याशी बोलणारी सी लायब्ररी बायनरी स्वरूपात मिळते, सोबत एक हेडर फाइल (कुठले फंक्शन काय घेते आणि काय परत देते याची यादी) असते, सोर्स मिळत नाही. उपकरणातून येणारी मोजमापे पायथन स्क्रिप्टने घ्यायची आणि फाइलीत टाकायची, एवढेच काम. स्क्रिप्ट पायथनमधून सी फंक्शने बोलावणाऱ्या सीटाइप्स मॉड्यूलवर लिहिलेली होती आणि एका ६४-बिट लिनक्स मशीनवर ठीक चालत होती, निदान तसे दिसत होते. नव्या मशीनवर हलवल्यावर ती उपकरण उघडताच सेगफॉल्ट (अवैध पत्त्यावरच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) होऊन पडू लागली.

तपास सुरू झाल्यावर जुन्या मशीनवरच्याही तक्रारी पुढे आल्या. तिथेही उपकरण वेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यातून) उघडले की स्क्रिप्ट पडायची. फ्रेम (उपकरणाकडून एका वेळी येणारा मोजमापांचा तुकडा) फाइलीत अर्धवट उतरायच्या. त्रुटींची मोजणी कायम शून्य दाखवायची. कॉलबॅक (नवी फ्रेम आली की लायब्ररीने बोलवायचे आपले फंक्शन) लावून ठेवला की काही वेळाने प्रोसेस कोसळायची, आणि ती दर वेळी वेगळ्याच ओळीवर. ही लक्षणे एकमेकांशी जुळत नसल्याने संशय लायब्ररीवर गेला होता. लायब्ररीत दोष निघाला नाही. हेडर फाइलमध्ये जे लिहिले होते ते स्क्रिप्टला कोणी सांगितलेच नव्हते.

हेडर फाइल काय म्हणते

या प्रकरणात सात फंक्शने येतात. 'उघडा' हे पोर्टचे नाव घेते आणि हँडलचा (उघडलेल्या कनेक्शनच्या खुणेचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देते. 'वाचा' हे हँडल, १६-बिट नमुन्यांचा (एकेका मोजमापाच्या आकड्यांचा) बफर, म्हणजे लिहायची जागा, क्षमता आणि 'किती वाचले' हे लिहिण्यासाठी साइझ_टीचा (आकार मोजण्याच्या सीच्या पूर्णांक प्रकाराचा) पॉइंटर घेते. यश मिळाले तर शून्य परत करते. 'शेवटची_फ्रेम' हे लायब्ररीच्याच मेमरीतला कॅरॅक्टर पॉइंटर देते, आणि पुढच्या कॉलपर्यंतच तो वैध राहतो. 'फ्रेम_प्रत' मात्र नवी मेमरी घेऊन प्रत देते, ती 'सोडा' या फंक्शनने परत करायची असते. 'कॉलबॅक_लावा' प्रत्येक नव्या फ्रेमला आपले फंक्शन बोलावते, आणि बोलावते ते लायब्ररीच्या स्वतःच्या थ्रेडवरून. 'बंद' कनेक्शन मिटवते.

मूळ स्क्रिप्टमध्ये यांतल्या एकाही फंक्शनला आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे प्रकार) दिलेले नव्हते. रेस्टाइप (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) फक्त 'शेवटची_फ्रेम'ला होता, आणि तोही चुकीचा.

पहिला क्रॅश: अर्धा गेलेला पत्ता

रेस्टाइप दिला नाही, तर सी फंक्शन इंट (सीचा साधा पूर्णांक) परत करते असे सीटाइप्स धरून चालते. इंट ३२ बिटांचा, ६४-बिट मशीनवरचा पॉइंटर ६४ बिटांचा. वरचे ३२ बिट कसलीही सूचना न देता गळून पडतात. परत आलेला आकडा साधा पायथन पूर्णांक असतो. तो पुढच्या फंक्शनला आर्गटाइप्सशिवाय दिला, की जाताना पुन्हा इंट म्हणूनच जातो. म्हणजे कात्री दोनदा लागते, आणि यांपैकी एकच जागा दुरुस्त केली तर क्रॅश तसाच राहतो. रेस्टाइपला सी_व्हॉइड_पी (कुठल्याही प्रकारचा पॉइंटर) लावूनही फरक पडला नाही, असे म्हणणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडलेली असते.

मग जुन्या मशीनवर हे चालत कसे होते? तिथला पायथन जुन्या पद्धतीने, ठरावीक पत्त्यावर लोड होणारा म्हणून बांधलेला होता. अशा प्रोग्रॅमचा हीप (चालताना मागितलेल्या मेमरीची जागा) त्याच्या मागोमाग, खालच्या पत्त्यांवर सुरू होतो. हँडल मिळाले १८४२२६० या पत्त्यावर (पत्ते इथे षोडशमान पद्धतीत दिले आहेत). हा आकडा ३२ बिटांत सहज मावतो, त्यामुळे कापण्यासारखे वर काही नव्हतेच. नव्या मशीनवरचा पायथन कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारा होता. डीबगरमध्ये तिथे हँडल ५५५५५५७५९२८० वर दिसले आणि स्क्रिप्टच्या हाती उरले ५५७५९२८०. त्या पत्त्यावर काहीच नाही, म्हणून सेगफॉल्ट. डीबगरबाहेर पत्ते दर वेळी बदलतात. उरलेल्या ३२ बिटांतला सर्वांत वरचा बिट एक असला तर स्क्रिप्टला ऋण आकडा दिसतो. हँडल छापल्यावर ऋण संख्या आली, तर पुढचा तपास थांबवून आधी रेस्टाइप पाहावा.

थ्रेडची तक्रारही यातूनच सुटते. ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक, म्हणजे मेमरी मागण्याचे फंक्शन, मुख्य थ्रेडसाठी नेहमीचा हीप वापरतो. इतर थ्रेडना तो वेगळे अरीना (मेमरीचे साठे) देतो आणि ते एममॅपने (थेट सिस्टिमकडून मेमरी घेणाऱ्या कॉलने), फार वरच्या पत्त्यांवर घेतलेले असतात. मोठ्या मागण्यांचेही तसेच. सुरुवातीची मर्यादा १२८ किलोबाइट, त्यापुढची मेमरी थेट एममॅपने येते. म्हणून एकच चुकीची स्क्रिप्ट लहान हँडलला चालते, मोठ्या बफरला पडते, मुख्य थ्रेडवर चालते आणि दुसऱ्या थ्रेडवर पडते. 'कधी कधी पडते' अशी तक्रार आली, तरी त्यामागे नियम असतो तो असा.

दुरुस्ती करताना हँडलला सी_व्हॉइड_पी देण्यापेक्षा रिकाम्या स्ट्रक्चरचा पॉइंटर देणे चांगले. कारण सी_व्हॉइड_पी रेस्टाइप असला की हाती साधा पूर्णांक येतो, आणि शून्य पॉइंटर असेल तर नन (पायथनचे 'काहीच नाही' हे मूल्य) येतो. पूर्णांक कुठेही देता येतो, अगदी चुकीच्या फंक्शनलाही. रिकाम्या स्ट्रक्चरचा स्वतंत्र पॉइंटर-प्रकार केला, तर आर्गटाइप्समध्ये सीटाइप्स साधा पूर्णांक नाकारते आणि दुसऱ्या प्रकारचे हँडलही नाकारते. क्रॅशच्या जागी वाचता येणारी त्रुटी मिळते.

    क्लास _यंत्र(स्ट्रक्चर): पास
    हँडल = पॉइंटर(_यंत्र)
    लिब.उघडा.आर्गटाइप्स = [सी_चार_पी]
    लिब.उघडा.रेस्टाइप = हँडल
    लिब.वाचा.आर्गटाइप्स = [हँडल, पॉइंटर(सी_इंट१६), सी_साइझ_टी, पॉइंटर(सी_साइझ_टी)]
    लिब.वाचा.रेस्टाइप = सी_इंट

काही परत न करणाऱ्या फंक्शनलाही रेस्टाइप नन असा लिहावा. नाही लिहिला तर रजिस्टरमध्ये जो कचरा पडलेला असेल तोच 'परतीचे मूल्य' म्हणून मिळतो, आणि कोणीतरी त्यावर अट लिहून बसते.

शून्यावर तुटणाऱ्या फ्रेम

'शेवटची_फ्रेम'चा रेस्टाइप सी_चार_पी होता. हेडरमध्ये कॅरॅक्टर पॉइंटर लिहिलेला, म्हणून हे बरोबरच वाटते. पण सी_चार_पी म्हणजे शून्याने संपणारी स्ट्रिंग. सीटाइप्स पहिल्या शून्य बाइटपर्यंत वाचते, त्याचा बाइट्स ऑब्जेक्ट बनवते आणि मूळ पॉइंटर टाकून देते.

फ्रेमची मांडणी अशी: १ बाइट प्रकार, ४ बाइट क्रमांक, २ बाइट नमुन्यांची संख्या, ८ बाइट वेळ, आणि त्यापुढे नमुने. सगळे लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी), मध्ये रिकाम्या जागा नाहीत. प्रकार २, क्रमांक ७ ची फ्रेम मेमरीत २, ७, ०, ०, ० अशी सुरू होते, म्हणजे हाती दोन बाइट येतात. क्रमांक २६३ असेल तर २, ७, १, ०, ० म्हणजे तीन बाइट. क्रमांक २५६ असेल तर २, ०, १ म्हणजे एकच बाइट. फाइलीतल्या फ्रेमच्या लांबीत हाच क्रम दिसत होता: बराच वेळ दोन, मग अधूनमधून एक आणि एरवी तीन. डेटा 'गळतो' असे वाटले की तुकड्यांच्या लांबीची यादी काढून पाहावी. लांबी मजकुरावर ठरत असेल, तर वायर किंवा पोर्ट तपासण्यात वेळ घालवू नये.

बायनरी मजकुराला लांबी वेगळी घ्यावीच लागते. रेस्टाइप पॉइंटर(सी_यूबाइट) केला, लांबी साइझ_टीमध्ये घेतली आणि स्ट्रिंग_ॲट(पॉइंटर, लांबी) ने तेवढेच बाइट उचलले. स्ट्रिंग_ॲट कसलीही तपासणी करत नाही. लांबी चुकली, तर तो शेजारची मेमरीही निमूटपणे वाचून देतो. म्हणून आधी पॉइंटर शून्य नाही ना आणि लांबी १५ पेक्षा कमी नाही ना, हे पाहिले जाते.

'फ्रेम_प्रत'च्या बाबतीत सी_चार_पीचा तोटा दुहेरी आहे. मजकूर तुटतोच, शिवाय पॉइंटर हरवल्यामुळे 'सोडा'ला द्यायला काही उरत नाही आणि प्रत्येक कॉलला मेमरी गळत राहते. इथे थेट सी लायब्ररीचे फ्री बोलावण्याचा मोह टाळावा. लिनक्सवर बहुधा ते खपून जाते. विंडोजवर मात्र लायब्ररी आणि पायथन वेगवेगळ्या सी रनटाइमवर (मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या मूळ लायब्ररीवर) उभे असू शकतात आणि एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडली की हीप बिघडतो. ज्याने मेमरी दिली त्याच्याच फंक्शनने ती परत करायची.

फ्रेम पूर्ण मिळू लागल्यावर क्रमांक वेडेवाकडे येऊ लागले. स्क्रिप्टमधले सीटाइप्स स्ट्रक्चर नैसर्गिक अलाइनमेंट (प्रत्येक घटक आपल्या आकाराच्या पटीतल्या जागी) धरून होते. त्यात क्रमांक चौथ्या बाइटवर, संख्या आठव्यावर, वेळ सोळाव्यावर, एकूण आकार २४. प्रत्यक्ष फ्रेममध्ये ही स्थाने १, ५ आणि ७, एकूण १५. नमुने मागे जोडलेले असल्याने बफर लहान पडत नव्हता, त्यामुळे त्रुटीही येत नव्हती. इथे बाइट उलगडणारे स्ट्रक्ट मॉड्यूल अधिक सोयीचे आहे. स्वरूपाच्या सुरुवातीला 'पेक्षा लहान' हे चिन्ह दिले की लिटल-एंडियन, ठरावीक आकार आणि भरणी नाही, हे तिन्ही ठरते. आकार १५ येतो का, हे स्क्रिप्ट सुरू होतानाच तपासून टाकावे.

फ्रेमच्या सुरुवातीच्या माहितीनंतरचे नमुने १५ व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) सुरू होतात, म्हणजे १६-बिट संख्यांना विषम पत्ता मिळतो. पायथनमध्ये वाचायला अडचण नाही. पण तोच पॉइंटर १६-बिट संख्यांचा म्हणून दुसऱ्या सी फंक्शनला दिला तर सीच्या नियमांनुसार ते अवैध आहे आणि काही प्रोसेसरवर तिथेच अडते. आधी प्रत करून मग द्यावा.

सीने लिहायचे कुठे

'वाचा'ला बफर म्हणून मूळ स्क्रिप्टने ४०९६ शून्यांचा बाइट्स ऑब्जेक्ट दिला होता. सीटाइप्स बाइट्सचा आतला पत्ता सरळ सीला देते आणि सी तिथे लिहून टाकते. बाइट्स अपरिवर्तनीय असतात, या गृहीतावर पायथनचे बरेच काही उभे आहे, पण सीला त्याची जाण नसते. परिणाम दोन झाले. असे लहान स्थिर मूल्य पायथनचा कंपायलर आधीच घडवून ठेवतो, त्यामुळे लूपच्या प्रत्येक फेरीत तोच ऑब्जेक्ट वापरला गेला आणि यादीत ठेवलेल्या सगळ्या 'नोंदी' शेवटच्या वाचनाच्या निघाल्या. दुसरे म्हणजे बाइट्स आपला हॅश (मजकुरावरून काढलेला, डिक्शनरीत शोधायला लागणारा आकडा) एकदा काढून जपून ठेवतात. मजकूर मागच्या दाराने बदलला की डिक्शनरीत तो सापडेनासा होतो.

सीने लिहायची जागा नेहमी बदलता येणारी असावी. सीटाइप्सचा ॲरे, क्रिएट_स्ट्रिंग_बफर, किंवा बाइटॲरेवर फ्रॉम_बफरने बसवलेला ॲरे, यांतले काहीही चालते. क्रिएट_स्ट्रिंग_बफर घेतला तर व्हॅल्यू पुन्हा शून्यावर तुटते, रॉ पूर्ण मिळतो. पण रॉ दर वेळी पूर्ण बफरची प्रत करतो. बफर ६५५३६ बाइटांचा आणि आलेला मजकूर २०० बाइटांचा असेल, तर रॉ घेऊन तुकडा काढण्यापेक्षा स्ट्रिंग_ॲटने २०० बाइट उचलणे स्वस्त. बाइटॲरेचा आणखी एक फायदा आहे: फ्रॉम_बफर धरलेले असेपर्यंत त्याचा आकार बदलू पाहिला, तर पायथन बफरएरर देतो. ॲरे मॉड्यूलच्या बफर_इन्फोमधून नुसता पत्ता काढून घेतला, तर हे संरक्षण नसते. पुढे ॲरे वाढला आणि मेमरी हलली, तर सी जुन्याच जागी लिहीत राहते.

त्रुटींच्या शून्य मोजणीचे कारण याहून बारीक. स्क्रिप्टने दोन सी_इंटचा ॲरे केला होता: पहिल्यात वाचलेली संख्या, दुसऱ्यात त्रुटी. पहिल्याचा पत्ता 'वाचा'ला दिला जाई. लायब्ररी तिथे साइझ_टी, म्हणजे ८ बाइट लिहिते. लिटल-एंडियन मशीनवर पहिली संख्या अचूक दिसते आणि वरचे चार शून्य बाइट दुसऱ्या संख्येवर जाऊन पडतात. सुट्या सी_इंटच्या बाबतीत हीच चूक सहसा दडूनच राहते, कारण सीपायथन (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) लहान सीटाइप्स मूल्यासाठी ऑब्जेक्टच्या आतच त्याहून मोठी जागा राखतो आणि जादा चार बाइट त्यात जिरतात. आर्गटाइप्समध्ये पॉइंटर(सी_साइझ_टी) लिहिल्यावर हा कॉल आता त्रुटी देतो.

क्षमतेचे एकक हा हेडरमधला सर्वांत फसवा शब्द निघाला. क्षमता नमुन्यांत मोजायची होती, स्क्रिप्ट बाइटांत देत होती. ४०९६ बाइटांच्या जागेवर ४०९६ सांगितले म्हणजे लायब्ररीला ८१९२ बाइट लिहायची मुभा दिली. वाचन लहान असेपर्यंत काही होत नव्हते. हे पकडायचा उपाय साधा आहे: मागणीपेक्षा १६ बाइट जास्त घ्यायचे, शेवटच्या १६ बाइटांत १६५ भरायचे, आणि प्रत्येक कॉलनंतर ते तसेच आहेत का पाहायचे. मोठा नमुना-दर लावल्यावर हे पहारेकरी बाइट लगेच बदललेले दिसले. चाचणीत हे कायम ठेवले आहे. 'वाचा'ने परत दिलेली संख्या क्षमतेपेक्षा मोठी असेल, तरही काम तिथेच थांबवले जाते.

कॉलबॅक

कॉलबॅकचे फंक्शन सीफंकटाइपमध्ये (पायथन फंक्शन सीला बोलावता येईल असे करणाऱ्या सीटाइप्सच्या सोयीत) गुंडाळून त्याच ओळीत 'कॉलबॅक_लावा'ला दिलेले होते. सीटाइप्स दिलेल्या गोष्टींना कॉल संपेपर्यंतच धरून ठेवते. कॉल संपला, गुंडाळलेल्या ऑब्जेक्टला कोणी धरणारे नाही, तो गेला. लायब्ररीकडे मात्र त्याचा पत्ता राहिला. ती जागा पुन्हा वापरात येईपर्यंत कॉलबॅक चालतोही, म्हणून क्रॅश उशिरा आणि भलत्या ओळीवर दिसतो. गुंडाळलेला ऑब्जेक्ट रॅपर क्लासच्या (लायब्ररीभोवती लिहिलेल्या आपल्या पायथन क्लासच्या) फील्डमध्ये ठेवला की प्रश्न मिटतो. पायथन फंक्शनला नाव देऊन ते मॉड्यूलमध्ये ठेवणे पुरत नाही, हे वेगळे सांगावे लागते: जपायचा तो सीफंकटाइपने दिलेला ऑब्जेक्ट.

कॉलबॅकच्या पॅरामीटरमध्ये सी_चार_पी लिहिले तर तिथेही मजकूर शून्यावर तुटतो. पॉइंटर(सी_यूबाइट) आणि लांबी घेऊन पहिल्याच ओळीत स्ट्रिंग_ॲट करावे. पॉइंटर रांगेत टाकून नंतर वाचायचे ठरवले, तर तोवर लायब्ररीने त्याच जागेत पुढची फ्रेम भरलेली असते. कॉलबॅकमधली एक्सेप्शन सीपर्यंत पोचत नाही; ती एरर स्ट्रीमवर छापली जाते आणि काम पुढे चालू राहते. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ते छापलेले कोणी पाहत नाही. म्हणून आत फक्त प्रत करून रांगेत टाकायचे, उलगडा दुसऱ्या थ्रेडवर करायचा.

तपासाची साधने

फॉल्टहँडलर चालू करणे ही पहिली पायरी. त्याने सेगफॉल्टच्या क्षणी पायथनची कुठली ओळ चालू होती ते कळते. मेमरी आधीच बिघडली असेल, तर ती ओळ गुन्हेगाराची असेलच असे नाही. तेव्हा व्हालग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारे साधन) लावावे, पण आधी पायथनमॅलॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मॅलॉक असा ठेवून. पायथनचा स्वतःचा लहान-ऑब्जेक्ट ॲलोकेटर चालू असला, तर व्हालग्रिंडला एकेका ऑब्जेक्टची हद्द दिसत नाही. क्रॅश होण्याआधीच काही कळावे म्हणून सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे लायब्ररी लोड झाल्यावर आपण वापरत असलेल्या प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स आहेत की ते अजून नन आहेत, हे एका लूपमध्ये पाहणे.

सीएफएफआय (पायथनचे असेच दुसरे मॉड्यूल) किंवा लुआजिटचे एफएफआय (लुआ भाषेतली तशीच सोय) वापरले असते, तर पहिला क्रॅश झाला नसता, कारण ती सीच्या भाषेतली घोषणाच वाचतात. बाकीचे बहुतेक तसेच राहते. लुआजिटमध्येही लांबी न देता स्ट्रिंग काढली की ती शून्यावर थांबते, आणि न्यूने घेतलेली मेमरी कोणी धरली नाही की ती जाते. शिवाय लुआजिटचा कॉलबॅक परक्या थ्रेडवरून बोलावता येत नाही, म्हणजे ही लायब्ररी तिथे अशी वापरताच आली नसती.

बंद करण्याचा क्रम

आधी 'कॉलबॅक_लावा'ला शून्य पॉइंटर देऊन कॉलबॅक काढायचा, मग 'बंद', आणि त्यानंतरच गुंडाळलेला ऑब्जेक्ट सोडायचा. कॉलबॅक काढण्याचे फंक्शन चालू असलेला कॉलबॅक संपायची वाट पाहते, असे हेडर सांगते. त्यामुळे लायब्ररी पायडीएलएलने (सीटाइप्समधल्या लोड करण्याच्या एका पद्धतीने) लोड केलेली चालणार नाही. पायडीएलएल कॉलदरम्यान पायथनचा जागतिक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप) सोडत नाही. लायब्ररीचा थ्रेड कॉलबॅक पुरा करायला त्याच लॉकची वाट पाहतो, मुख्य थ्रेड त्या थ्रेडची वाट पाहतो आणि दोघे कायमचे अडकतात. सीडीएलएल ही दुसरी पद्धत कॉलदरम्यान लॉक सोडते, तीच वापरायची. हे सगळे डिस्ट्रक्टरवर (ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या फंक्शनवर) सोडून चालत नाही, कारण इंटरप्रिटर मिटताना ऑब्जेक्ट कुठल्या क्रमाने जातील याची हमी नसते. रॅपरला विथ ब्लॉकमध्येच (जो संपताच रॅपर आपोआप बंद होतो) उघडायची अट आहे. ब्लॉकबाहेर 'वाचा' बोलावले तर रॅपर सीपर्यंत न जाता एक्सेप्शन देतो, कारण 'बंद'नंतर त्याने हँडलच्या जागी नन ठेवलेला असतो आणि प्रत्येक मेथड सुरुवातीला तोच तपासते.